सहा झाडांखालची माती

करवतवाला सकाळी आला तो खडू घेऊनच आला. पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाच्या खोडावर त्याने पांढरी फुली मारली, मागे सरकून ती नीट दिसते का पाहिलं आणि पुढच्या झाडाकडे वळला.

म्हातारा बांधावर काठी टेकून उभा होता. त्यानेच त्याला बोलावलं होतं. खालच्या अंगाच्या बारा ओळी, संत्र्याची एकशे ऐंशी झाडं, मुळासकट काढायची असं त्याने ठरवलं होतं. तीन वर्षं पानं पिवळी पडत होती. शिरा तेवढ्या हिरव्या राहायच्या आणि मधलं पान कावीळ झाल्यासारखं दिसायचं. फळ लिंबाएवढं व्हायचं आणि एखाद्या सकाळी झाडाखाली पडलेलं सापडायचं. खत वाढवून झालं. पाणी वाढवून झालं, कमी करून झालं. पानांवर फवारे मारून झाले. झाडं काही मान वर करत नव्हती.

"इतकी निगा राखून ही गत?" करवतवाला फुली मारता मारता म्हणाला. "मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

म्हाताऱ्याने काठीनेच पुढचं झाड दाखवलं. निगेच्या बाबतीत त्याचं नाव होतं. चोवीस वर्षांत त्या बागेत गवताचं पातं कुणाला दिसलं नव्हतं. दर पंधरा दिवसांनी ट्रॅक्टरमागे रोटर फिरायचा आणि माती पिठासारखी व्हायची. गळलेली पानं दाताळ्याने ओढून बांधावर नेऊन पेटवली जायची. सुई पडली तरी सापडेल, असं लोक म्हणत. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला बाग दाखवली जायची, आणि पाहुणाही चपला बाहेर काढू का असं थट्टेनं विचारायचा.

रोटर चालवायची ती त्याची लेक. सतराव्या वर्षी ट्रॅक्टरवर चढली, ती एकोणचाळीस उलटली तरी चालवतच होती. गावात तिला सगळे ड्रायव्हरीण म्हणत. खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं. झाडाच्या खोडापासून वीतभर अंतर ठेवून ती रोटर असा काढायची की सालीला ओरखडा नाही आणि मध्ये तणाची काडी नाही. संध्याकाळी खाली उतरली की तिच्या तळव्यांना तासभर मुंग्या यायच्या, चहाचा कप धरला की बशीवर कडकड वाजायचा. तिची आत्या, जी घर सांभाळायची, कप अर्धाच भरून द्यायची.

आज ती करवतवाल्याच्या मागून चालत होती. प्रत्येक फुलीपाशी क्षणभर थांबत होती, एवढंच.

अकराव्या ओळीच्या शेवटाला करवतवाला थबकला. "ही पण?"

तिथे जमिनीतून काळा खडक वर आला होता, म्हशीच्या पाठीसारखा. ट्रॅक्टर तिथे वळत नसे, म्हणून शेवटच्या दोन ओळींची तीन-तीन झाडं रोटरच्या तावडीतून कायमची सुटली होती. त्यांच्याखाली गुडघाभर गवत होतं, वर्षानुवर्षं गळलेल्या पानांचा थर होता. पाहुण्यांना बाग दाखवताना म्हातारा या कोपऱ्याच्या अलीकडूनच परत फिरायचा.

"सगळीच," म्हातारा लांबून ओरडला. "बारा ओळी म्हणजे बारा ओळी."

"अहो, पण ही हिरवीगार आहेत की! नंतर लावलीत का?"

"एकाच दिवशी लावली," ड्रायव्हरीण म्हणाली. "एकाच वाफ्यातली रोपं."

करवतवाल्याने एक पान तोडलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि खडू खिशात टाकला. "मग मी यांच्यावर फुली मारत नाही. तुम्हीच सांगा मला नंतर. दोन महिने मी तसाही पलीकडच्या गावात अडकलोय."

तो गेला. म्हाताराही काठी टेकत घराकडे गेला. ती तिथेच उभी राहिली. हा कोपरा ती रोज बघत होती आणि रोज नजर चुकवत होती. नाकाशेजारच्या चामखिळीसारखी त्याची लाज वाटायची. खडकाखाली पाणी साचत असेल म्हणून तिथली झाडं हिरवी, असं सगळे म्हणायचे, तीही म्हणायची. कधी बघितलं मात्र नव्हतं.

तिने कुदळ आणली. गवत बाजूला सारून पहिला घाव घातला तर पातं पार दांड्यापर्यंत आत गेलं. वर आली ती माती काळी होती, कणीदार, चहाच्या चोथ्यासारखी. पाणी साचलेलं नव्हतं, नुसती ओल होती. कुजक्या पानांच्या खालच्या अंगाला कापसाच्या धाग्यांसारखं पांढरं जाळं पसरलं होतं आणि झाडाची केसासारखी बारीक मुळं त्या जाळ्यात शिरली होती. दोन गांडुळं घाईघाईने आत पळाली. तिने मूठ नाकाशी नेली. तळघर उघडल्यावर येतो तसा वास होता, पण चांगला.

मग तीन झाडं सोडून, फुली मारलेल्या झाडाखाली तिने तीच कुदळ चालवली. वरची चार बोटं पिठासारखी उडाली. त्याखाली ठण्णकन आवाज आला आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या गेल्या. रोटरचं पातं जिथवर पोचायचं, बरोबर तिथे जमीन फरशीसारखी घट्ट झाली होती. मुळं त्या फरशीवर येऊन आडवी वळली होती. आणि जी वर यायला बघत होती, त्यांची टोकं कापलेली होती. काही जुनी, बरी झालेली. काही परवाची, ओली.

परवा तिनेच रोटर फिरवला होता.

*

माती तपासणीचं केंद्र तालुक्याच्या बाजारामागे एका लांबट खोलीत होतं. पंखा बंद ठेवलेला. पत्र्याच्या ताटल्यांमध्ये गावोगावच्या मात्या वाळत पडल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. तिथल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून तिने दोन्ही जागांहून आणलेल्या मातीच्या पिशव्या उघडल्या आणि काही न विचारता आधी वास घेतला. ड्रायव्हरिणीला त्या तिथेच आवडल्या.

आठ दिवसांनी ती परत गेली तेव्हा बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तुमच्या खराब झाडांखाली खत कमी नाही. बघा, स्फुरद तर चांगल्यापेक्षा दुप्पट आहे."

"मग झाड पिवळं का?"

"घरात कोठार भरलेलं आहे, पण रांधायला आणि वाढायला कोणी नाही. मग काय होईल?"

"उपाशी राहू."

"तेच झालंय. मातीत जे बारीक जीव असतात ना, जिवाणू, बुरशी, ते खत फोडून मुळाच्या तोंडाशी आणून देतात. ते पांढरे धागे तुम्ही पाहिलेत?"

"पाहिले."

"ती बुरशीच. संत्र्याच्या मुळांना तिच्यावाचून फार भागत नाही. जिथे झाडाचं मूळ पोचत नाही तिथून ती स्फुरद, जस्त ओढून आणते, आणि झाड तिला साखर देतं. आता रोटर दर पंधरवड्याला ते धागे तोडतो. पानं तुम्ही जाळता, म्हणजे त्या जिवांचं जेवणच जाळता. ऊन थेट जमिनीवर. राहतील कशाला ते?" बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "हा सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीत कुजून मुरलेला पालापाचोळा. कोपऱ्यात एक पूर्णांक एक. बागेत शून्य पूर्णांक तीन. एकाच शेतात."

ती कागदाकडे बघत राहिली.

"किती वर्षं फिरवताय रोटर?"

"बावीस."

"कोण चालवतं?"

"मी."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पुन्हा वर केला. म्हणाल्या, "सगळेच तसंच करत होते. आम्हीही तेच सांगायचो. माझ्याच हातची जुनी पत्रकं आहेत कपाटात, बाग स्वच्छ ठेवा म्हणून."

निघताना बाईंनी तिला एक काम सांगितलं. घरी कुणाचा विश्वास बसणार नाही, आकड्यांवर तर नाहीच बसणार. तेव्हा जुनं सुती कापड घ्या, एकसारखे दोन तुकडे, एक इथे पुरा, एक तिथे. दोन महिन्यांनी उकरा.

"कसलं कापड?"

"जुनं बनियन असलं तर उत्तम."

*

"माझी दोन बनियनं कुठं गेली?" तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने विचारलं.

"जमिनीत," आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला भाचीने सांगितलं होतं आणि तिच्या पोटात ते राहिलं नव्हतं. "तुझ्या लेकीनं पुरली. तू अजून वर आहेस तोवरच."

म्हाताऱ्याला सगळं सांगावं लागलं. तो पायरीवर बसून ऐकत होता, दुखऱ्या गुडघ्याला तेल चोळत. फरशीसारख्या मातीचं ऐकलं, कापलेल्या मुळांचं ऐकलं. मध्येच त्याचा हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"म्हणजे माझ्या बाग ठेवण्यानं बाग मेली."

"तसं मी म्हटलं नाही, बाबा."

"मग कसं म्हटलंस?"

तिने तेलाच्या बाटलीचं बूच उचलून त्याच्यापाशी ठेवलं.

"त्या खोलीत बसून माती हुंगणारी बाई मला बाग शिकवणार! आणि माझ्या बनियनावरून ठरणार की झाडं पाडायची की नाही!"

"करवतवाला दोन महिने येतच नाहीये. तेवढं थांबा. मी काही मागितलंय का कधी?"

हे खरं होतं. तो तेलाची बाटली बंद करून आत गेला. त्याचा अर्थ हो असाच घरात घेतला गेला.

दोन महिन्यांनी तिघंही बागेत गेले. आत्या मुद्दाम आली होती, पदर खोचून, जत्रेला निघाल्यासारखी. ड्रायव्हरिणीने आधी ओळीतल्या झाडाखाली उकरलं. बनियन निघालं ते मातकट झालेलं, पण अखंड. म्हाताऱ्याने हातात घेऊन झटकलं, उजेडाला धरलं. एका बाहीला भोक होतं, पण ते आधीचंच.

"धुतलं तर घालता येईल," आत्या म्हणाली.

मग कोपरा. तिथे तिने हाताने माती बाजूला केली. बनियन नव्हतंच. जाळीचे दोन-चार तुकडे हाताला लागले आणि बोट लावताच विरले. राहिली होती फक्त शिवण, नायलॉनच्या दोऱ्याची, गळ्याची आणि बाह्यांची, आणि मागची चिठ्ठी, जिच्यावर आकडा अजून वाचता येत होता. तिने ती शिवण उचलून धरली. माणूस काढून घेतल्यावर त्याची रेघ उरावी तशी ती लोंबत होती.

"खाल्लं की सगळं!" आत्या म्हणाली.

म्हातारा हातातल्या अखंड बनियनाकडे बघत होता. दोन महिने ते जमिनीत होतं आणि त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं. त्याने त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि कुठे ठेवावं ते न सुचून काखेत मारलं.

"कर तुला काय करायचं ते," तो म्हणाला. "पण ते गवत मला बघायला लावू नकोस."

त्या दिवसापासून तो बागेत येईनासा झाला.

*

रोटर सुटा करून शेडमध्ये ठेवायला एक दिवस लागला. त्यानंतरचं वर्ष मात्र संपता संपेना.

पहिल्या पावसाळ्यात गवत असं उठलं की जणू बावीस वर्षं दाराआड उभं होतं. ती कंबरेला पट्टा बांधून गवत कापायचं यंत्र फिरवायची आणि कापलेलं झाडाच्या आळ्यात पसरायची, खोडापासून हातभर लांब. पानं गळली की जिथल्या तिथे राहू द्यायची. कोपऱ्यातली काळी माती टोपलीने वाहून तिने प्रत्येक आजारी झाडाखाली ओंजळभर घातली. आत्या म्हणाली, "हे बरंय, विरजण लावल्यासारखं." आणि मग स्वतःच एक टोपली डोक्यावर घेतली. चौथ्या झाडापाशी टोपली खाली ठेवून म्हणाली, "दूध कमी आणि पातेलं मोठं आहे ग तुझं."

सगळ्यात कठीण होतं ते हाताला समजावणं. पंधरा दिवस झाले की तळवे आपोआप शिवशिवायचे. ओळींकडे बघितलं की लाज वाटायची. बाग अंघोळ न केलेल्या माणसासारखी दिसत होती.

शेजारच्या मळ्यात एक गृहस्थ होता, त्याला पंचनामा म्हणत, कारण कुणाच्या घरी भांडं पडलं तरी तो जाऊन बघून यायचा. तो बांधावर उभा राहून विचारायचा, "काय ड्रायव्हरीणबाई, ट्रॅक्टर आजारी की तुम्ही?" नंतर तो माणसं घेऊन यायला लागला. पूर्वी याच बांधावर म्हातारा माणसं घेऊन उभा राहायचा. "हे बघा," पंचनामा सांगायचा, "ही ती बाग. ओळखू येते का?" आणि हसण्याचा आवाज ओळींमधून तिच्यापर्यंत यायचा. ती यंत्राचा आवाज वाढवायची.

आणि झाडं सुधारली नाहीत. उलट पावसानंतर जास्तच पिवळी झाली. ती धावत केंद्रात गेली. बाईंनी सांगितलं, असं होतं सुरुवातीला. गवतही जेवतं, आणि कुजवणारे जीवही आधी स्वतःचं पोट भरतात, नत्र अडकून पडतं. थोडं खत हाताने द्या. गवत आणखी लवकर कापा. उन्हाळ्यात ते पाणी पिणार नाही एवढं बुटकं ठेवा.

"किती दिवस?"

"दिवस नाही सांगता येणार. वर्षं विचारा."

"किती वर्षं?"

"बावीस लागणार नाहीत," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर तिला हसू आलं, आणि बाजाराच्या वाटेवर मधेच रडूही आलं. तिने रुमाल काढला तर त्यालाही गवताची कुसळं चिकटली होती.

*

उन्हाळा लागताना एक दिवस ती गवतयंत्राचं पातं घ्यायला तालुक्याला गेली. दुपारी परत आली तर बांधावरून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. नुसता उभ्या ट्रॅक्टरचा, एकसुरी.

ती पळतच गेली. पहिल्या तीन ओळी नांगरून निघाल्या होत्या. गवत, पानं, तिने वर्षभर अंथरलेलं सगळं उलटंपालटं झालं होतं. पिवळट माती वर आली होती. चौथ्या ओळीच्या मध्यावर ट्रॅक्टर उभा होता, मागे रोटर जोडलेला, आणि सीटवर म्हातारा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मान खाली.

"बाबा!"

त्याने मान वर केली. चेहरा घामाने भिजलेला, ओठ पांढरे. "गुडघा अडकलाय," तो म्हणाला. "क्लचवरून निघेना."

तिने आधी इंजिन बंद केलं. मग त्याचा पाय दोन्ही हातांनी धरून हळूहळू सरळ केला. तो कण्हला नाही, फक्त तिच्या खांद्यावरची त्याची बोटं आवळली. खाली उतरवताना त्याचं सगळं वजन तिच्यावर आलं. लहानपणी तिला ट्रॅक्टरवर नुसतं बसायला त्यानेच उचललं होतं, तेव्हा तिचे पाय ब्रेकला पुरत नव्हते. आता तो तिला हलका लागला. तिने त्याला जवळच्या झाडाखाली, न नांगरलेल्या गवतावर टेकवून बसवलं. पाणी दिलं. त्याने चूळ भरली, मग प्यायला.

तिला ओरडायचं होतं. वर्षाचं काम डोळ्यांसमोर उलटं पडलं होतं. पण त्याचा पाय अजून थरथरत होता आणि तो दोन्ही हातांनी तो दाबून धरत होता, तिला दिसू नये म्हणून.

"कुणी जोडून दिला रोटर?"

"मीच जोडला. सकाळपासून."

"का?"

"लोक हसतात."

"हसू देत. तुम्ही कधीपासून..."

"मला हसले असते तर हसू दिलं असतं," तो म्हणाला. "काल पंचनामा चार जणांना घेऊन उभा होता. तू तिकडे वाकून गवत कापत होतीस. आणि त्यातला एक म्हणाला, बाईमाणसाच्या हातात दिल्यावर असंच होणार. मी शेडच्या भिंतीपलीकडे होतो. मला बाहेर यायला पाहिजे होतं. नाही आलो." त्याने गवताचं एक पातं तोडलं. "रात्रभर वाटलं, सकाळी सगळं साफ करून टाकावं. मग कोण काय बोलेल."

ती त्याच्या शेजारी बसली. जमीन गार होती.

"बाबा, मुळं मी कापली," ती म्हणाली. "तुम्ही काही म्हणा. रोटर माझ्या हातात होता. वीतभर अंतर ठेवायचे, सालीला ओरखडा नको म्हणून. खाली काय होतंय ते मी एकदाही उतरून बघितलं नाही."

"चालव म्हणून मी सांगितलं."

"चालवला मी."

"तू पोर होतीस."

"पहिली पाच वर्षं. नंतरची सतरा काय?"

तो झाडाच्या खोडाला डोकं टेकून वर बघत राहिला. फांद्यांतून ऊन त्याच्या चेहऱ्यावर पडत होतं.

"चांगलं करतोय असं वाटायचं," शेवटी तो म्हणाला. "रोज संध्याकाळी वाटायचं. आज बाग काय सुंदर दिसतेय. ते पण खोटं होतं का?"

"ते कुठे खोटं होतं? दिसायची सुंदर."

तो हसला, पहिल्यांदाच. मग हसता हसता खोकला आला.

त्या तीन ओळी तिने पुन्हा झाकल्या. गवत वाहून आणलं, पसरलं. यावेळी तो बुडाखाली पाट घेऊन झाडाच्या आळ्यापाशी बसायचा आणि ती टाकून गेलेलं गवत हाताने सारखं करायचा. खोडापासून हातभर लांब, अगदी गोल. कडा इतक्या रेखीव की आत्या म्हणाली, "याला कचरासुद्धा नीटनेटका लागतो." पंचनामा एकदा आला, बांधावर उभा राहिला. म्हाताऱ्याने बसल्या बसल्या त्याला हाक मारली, "या, आत या. लांबून काय बघता? पण चपला घालूनच या, साप असतील." पंचनामा आत आला नाही.

*

पुढचं सगळं सरळ झालं असं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात अडतीस झाडं वाळली. ती आधीच फार थकली होती. करवतवाला आला, त्याने ती काढली, आणि बाकीच्यांवरच्या फुल्या पावसाने कधीच धुऊन नेल्या होत्या. काही झाडांनी फिकट पानांवरच दिवस काढले. पण तिसऱ्या वर्षी, पावसाच्या मध्यावर, निम्म्याहून अधिक झाडांची नवी पालवी गर्द निघाली, आणि फळ मुठीएवढं होईपर्यंत फांदीला धरून राहिलं. केंद्रातल्या बाईंनी नवा कागद दिला. सेंद्रिय कर्ब शून्य पूर्णांक तीनचा शून्य पूर्णांक पाच झाला होता. "एवढंच?" ड्रायव्हरिणीने विचारलं. "एवढं पुष्कळ आहे," बाई म्हणाल्या. "उतरतो तेवढ्या वेगाने चढत नाही हा." त्यांनी केंद्राचं जुनं पत्रक फाडून नवं लिहायला घेतलं होतं, आणि तिच्याकडून दोन-तीन गोष्टी विचारून घेतल्या.

रिकाम्या जागी नवी रोपं लावायचं ठरलं तेव्हा म्हातारा शहात्तर वर्षांचा होता. पाऊस उघडला त्या सकाळी दोघं बागेत गेली. आभाळ अजून भरलेलं होतं. ओळींमधलं गवत ओलं होतं आणि पाय भिजत होते. शेजारच्या मळ्यातून गढूळ पाणी बांध फोडून रस्त्यावर वाहत होतं. या बाजूला कुठे पाणी दिसत नव्हतं, जे पडलं ते आत गेलं होतं.

तिने खड्डा घेतला. म्हातारा पाटावर बसून रोपाभोवतीची पिशवी ब्लेडने कापत होता, मुळांना धक्का न लावता.

"किती खोल गेलीस?"

"बघा की."

त्याने बाही वर केली आणि हात खड्ड्यात घातला. तळाची माती चाचपली, बोटं रुतवली. बोटं गेली, मनगट गेलं. तो पुढे वाकला आणि हात कोपरापर्यंत आत गेला, कुठेही न अडता. तो तसाच राहिला, एका कुशीवर कललेला, गाल जवळजवळ गवताला लागलेला.

ती घाबरली. "बाबा? गुडघा?"

"नाही ग."

"मग काय झालं?"

"गार आहे," तो म्हणाला. "हलतंय काहीतरी बोटाशी. गांडूळ असेल." त्याने हात काढला नाही. "हे रोप धरायला किती वर्षं? फळाला?"

"पाच. सहा धरा."

त्याने मनात बेरीज केली असावी. ओठ हलले. मग त्याने सावकाश हात बाहेर काढला, मातीने काळा झालेला, आणि धुवायला पाणी मागितलं नाही. रोप दोन्ही हातांनी उचलून त्याने खड्ड्यात उभं केलं, डावीकडे थोडं, उजवीकडे थोडं, ओळीला डोळा लावून.

"सरळ आहे ना?"

"सरळ आहे."

"मग लोट माती," तो म्हणाला. "आणि पाट पुढे सरकव. दुसरा कुठे घेतेस?"